सरळ केलेला काठ

क्यूसी काका बोलता बोलता हातातला दगड नाकाच्या कडेला घासायचे. आधी एका नाकपुडीशी, मग दुसरीशी, मग एकदा कपाळावरून, आणि नंतर अंगठ्याने तो पुसत पुसत बोलणं पुढे चालू. बर्नाबीतल्या त्यांच्या घराचं भाड्याने द्यायचं बेसमेंट बघायला मी गेले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी हे केलं. लाँड्री कुठल्या दिवशी करायची, स्नो पडला तर पायऱ्या कोणी शोव्हल करायच्या, हे सगळं ते नीट समजावून सांगत होते आणि दगड नाकावर फिरत होता. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बोलणं मला कधीच जमलेलं नाही. त्यामुळे मी त्या दगडाकडेच बघत राहिले.

"घाण वाटून राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"वाटून राहिलं. वाटू दे. या दगडाला तेल लागते, अन् नाकाच्या बाजूचं तेल सगळ्यात बारीक. चिनी लोक पिढ्यान् पिढ्या हेच करतात. आमची प्रज्ञा मला याच्यापायी व्हिडिओ कॉलवर रागावते." प्रज्ञा म्हणजे त्यांची मुलगी. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनाटाला एका टेक कंपनीत होती.

तो नुसता दगड नसून शिक्का आहे हे मला नंतर कळलं. बोटाएवढा उंच, चौकोनी, मधाच्या रंगाचा. वरच्या टोकाला पाय दुमडून बसलेला छोटासा सिंह आणि तळाला उलटी कोरलेली चिनी अक्षरं. पूर्वी तिकडे चित्रकार, वैद्य, अधिकारी, सगळे आपल्या नावाचा असा शिक्का बाळगत. कागदावर लाल ठसा उमटला की त्या माणसाची सही झाली. काकांच्या टेबलाच्या खणात असे बरेच शिक्के होते, काही जुने, काही त्यांनी स्वतः कोरलेले. सगळे आळीपाळीने नाकाला लागत.

क्यूसी हे नाव त्यांना आमच्या संघटनेतल्या लोकांनी दिलं होतं. महाराष्ट्रातून इथे आलेल्या बौद्ध कुटुंबांची ती संघटना. काकांनी आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलमध्ये काम केलं, आधी नागपूरकडच्या एका कारखान्यात आणि मग ऑन्टॅरिओत केंब्रिजला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये. मशीनमधून निघालेला तुकडा उजेडात धरायचा, कडेवरून बोट फिरवायचं, कुठे कपची उडालेली असेल तर तो लाल खोक्यात टाकायचा. रिटायर झाल्यावर काकूंना तिथली थंडी सोसवेना म्हणून दोघं बर्नाबीला आले, पण सवय सुटली नाही. जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये शिरले की आधी बॅनर सरळ लागलंय का ते बघायचे. जेवणाच्या रांगेत पोळी उचलून दिव्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "ही एका साइडने जाड आहे." मग तीच वाढून घ्यायचे.

"काका, पास का फेल?" वाढणाऱ्या बायका विचारायच्या.

"कंडिशनल पास. भाजी खाऊन सांगतो."

माझीही तपासणी झाली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वीकेंडला ग्रोसरी स्टोअरमध्ये शिफ्ट करत होते. कोणी आडनाव विचारलं की मी पहिलंच नाव पुन्हा सांगायचे. ही सवय मला शाळेपासूनची. काकांनाही मी तसंच सांगितलं होतं. मी राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत ते बेसमेंटच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "घरी आजी-आजोबा जय भीम म्हणतात का?" मी हो म्हटलं. "मग वर ये जेवायला. खाली बसून काय नूडल्स खाऊन राहिली?" त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांच्या तपासणीत एवढी माया असू शकते हे मला तेव्हा समजलं.

शिक्क्यांकडे ते काकू गेल्यानंतर वळले. घरात बसवेना म्हणून रोज कम्युनिटी सेंटरपर्यंत चालत जायचे. तिथल्या एका खोलीत काही चिनी म्हातारे दगड कोरत बसलेले असायचे. एकदा दारातून बघताना एका दगडाच्या अंगावर त्यांना बुद्ध दिसला. नखाएवढा, बसलेला, दोन-चार रेघांत उतरवलेला. "इतक्या कमी रेघांत इतका शांत बुद्ध मी कुठंच पाहिला नव्हता," ते सांगायचे. "मी आत गेलो अन् बसून घेतलं. कोणी ऊठ म्हटलं नाही." तो बुद्ध ज्यांनी कोरला होता ते हो मास्तर. हो हे त्यांचं आडनाव.

मी आले तेव्हा सेंटरमधला तो क्लास बंद पडला होता आणि हो मास्तर शनिवारी सकाळी काकांच्या घरी यायचे. बारीक अंगाचे, काकांपेक्षा बरेच म्हातारे, जवळच्याच एका काँडोत एकटे राहणारे. इंग्रजी बेताचं, पण जे बोलायचे ते नेमकं. काकांना ते इंजिनियर म्हणायचे. माझी शिफ्ट दुपारची असायची, म्हणून सकाळचा चहा मी करायचे. काकांचा दूध-साखर घातलेला, मास्तरांचा त्यांनी खिशातून आणलेल्या पानांचा. मग धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तिथेच बसायचे. ते दोघे मला बोलायला लावत नसत. अशी घरं फार नसतात.

डायनिंग टेबलावर जाड काच, त्यावर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. दगडाचं तोंड त्यावर गोल गोल घासून आधी सपाट करायचं. मग लाकडी शिकंज्यात दगड घट्ट बसवायचा आणि पेन्सिलीएवढ्या जाड पोलादी सुरीने कोरायचं. दगड मऊ असतो, सुरी त्यात शिरताना करकर आवाज येतो आणि पांढरी भुकटी निघते. ती मास्तर फुंकून उडवायचे आणि काका ब्रशने गोळा करून डबीत भरायचे. चिनी मातीच्या बरणीत लाल शाईचा घट्ट लगदा असायचा. त्यात शिक्का दाबायचा नाही, लगद्याचा गोळाच हलक्या हाताने शिक्क्यावर टेकवत जायचं. मास्तर दोन टेकण्यांत काम संपवायचे. काकांना कुठेतरी शाई कमी पडलीय असंच वाटत राहायचं.

संघटनेसाठी काकांनी धम्मचक्राचा एक शिक्का कोरला होता. आऱ्या कंपासने आखून, भिंगाखाली. कित्येक शनिवार त्यात गेले. मास्तरांनी त्याचा ठसा घेतला, कागद लांब धरून बराच वेळ बघितला.

"गुड व्हील," ते म्हणाले. "पार्क्ड."

काका खोकला लागेपर्यंत हसले. पण मास्तर गेल्यावर मला म्हणाले, "पार्क केलेलं म्हणजे काय बे? चाक गोल आहे का नाही?"

मास्तरांची एक रीत त्यांना मुळीच पटायची नाही. शिक्का पुरा झाला, बाहेरची चौकट छान सरळ आली, की मास्तर सुरी उलटी धरायचे आणि तिच्या मागच्या टोकाने काठावर ठोके मारायचे. इथे एक कपची, तिथे एक खाच. कुठे चौकट पुरती उडवून टाकायची. काका त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे.

"बंद घर," मास्तर इंग्रजीत समजवायचे. "आतल्या अक्षरांना श्वास नाही. खिडकी पाहिजे."

"आमच्या प्लांटमध्ये असं कोणी केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता," काका मला मराठीत म्हणायचे.

"काय म्हणतो इंजिनियर?" मास्तर मला विचारायचे.

"ही लाइक्स इट."

"लायर," मास्तर म्हणायचे आणि पुढची कपची उडवायचे.

मास्तरांकडे मूनकेकचा, म्हणजे चिनी सणाच्या मिठाईचा, एक रिकामा डबा होता. त्यात जुन्या बनियनच्या तुकड्यांत गुंडाळलेले जुने शिक्के असायचे. ते दाखवायचे असले की ते हात धुऊन यायचे आणि काकांनाही धुवायला लावायचे. त्यातला एक शिक्का त्यांच्या गुरूच्या गुरूने कोरलेला होता, गावातल्या कुणा वैद्यासाठी. करड्या-हिरव्या दगडाचा, वर काही नक्षी नाही. त्याची चौकट इतकी मोडलेली होती की एका बाजूला ती जवळजवळ नव्हतीच, आणि वैद्याच्या नावाची अक्षरं त्या उघड्या बाजूला कागदावर सैलसर टेकून उभी राहायची. शिक्का कोरणारा दगडाच्या अंगावर बारीक अक्षरांत दोन ओळी लिहितो, कोणासाठी कोरलं, कधी. या दगडावर लिहिलं होतं की मित्राच्या आग्रहाने कोरलं, थंडी होती, हात गारठला होता, चांगलं जमलं नाही.

मास्तरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा काका खूश झाले. "पाहा, स्वतःच रिजेक्शन नोट लिहून दिली. असा वर्कर मला एक नाही मिळाला."

एका हिवाळ्याच्या तोंडाशी मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. ते रिचमंडला मुलीकडे राहायला जाणार होते. जाण्याआधी त्यांनी तो वैद्याचा शिक्का बनियनच्या तुकड्यासकट काकांच्या हातात ठेवला.

"रोज बघ," ते म्हणाले. "कॉपी नको. बघ फक्त."

मास्तर डब्यातला दगड कुणाच्या घरी ठेवत नसत. त्या दिवशी जेवताना काका मला म्हणाले, "एवढा भरवसा माझ्या सुपरवायझरनं नव्हता ठेवला माझ्यावर."

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे ते रोज बघायला लागले. भिंग लावून, सकाळच्या उजेडात, खिडकीशी. पण आयुष्यभर ज्या कारणासाठी त्यांनी वस्तूंकडे बघितलं होतं त्याच कारणासाठी ते याच्याकडेही बघत होते. माझी परीक्षा होती, शिफ्ट होत्या, मी वर कमी जात होते. एक दिवस त्यांनी मला हाक मारली आणि शिक्का तळहातावर धरून दाखवला.

"सरप्राइज आहे मास्तरसाठी. किती जागी तुटला होता, पाहिलं होतं ना? म्हातारा माणूस, डोळ्यांनी दिसत नाही, तो कधी करणार? मी करून ठेवलं."

त्यांनी दगडाचं तोंड घासून सगळे काठ एका पातळीत आणले होते, चारी बाजू गुण्या लावून सरळ केल्या होत्या आणि चौकट नव्याने कोरून काढली होती. अक्षरांमधल्या खाचा पुन्हा खोल केल्या होत्या. अंगावरच्या दोन ओळींना धक्का लागू नये म्हणून तिथे टेप लावून ठेवली होती. काम फार सुरेख होतं. काटकोन असे होते की पट्टी लावली तर उजेडाची रेघसुद्धा आली नसती. काकांच्या चेहऱ्यावर, मी त्याआधी किंवा नंतर कधी न पाहिलेला, लहान मुलासारखा आनंद होता.

मास्तर परतले त्या शनिवारी काकांनी पोहे केले होते. डोळ्यांना काळा चष्मा होता, तो काढून मास्तर टेबलाशी बसले. काकांनी कापडात गुंडाळलेला शिक्का दोन्ही हातांनी पुढे केला. मास्तरांनी कापड उघडलं. अंगठा काठावरून फिरवला, एकदा सगळीकडून. मग बरणी मागितली, शाई लावली, ठसा घेतला आणि कागदाकडे बघत बसले. घासल्यामुळे अक्षरं जाड झाली होती. चारी बाजूंनी चौकट बंद होती.

"व्हेरी स्ट्रेट," ते म्हणाले.

"गुड?" काकांनी विचारलं.

"व्हेरी स्ट्रेट," मास्तर पुन्हा म्हणाले. मग त्यांनी शिक्का पुसला, कापडात गुंडाळला, कोटाच्या खिशात ठेवला आणि पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली.

मला वाटलं आता ते यायचे नाहीत. पण पुढच्या शनिवारी ते आले, त्याच्या पुढच्याही आले. चहाची पानं आणली, काकांच्या हाताची पकड सुधारली, थट्टा केली. फक्त मूनकेकचा डबा आला नाही. नवे, दुकानातले दगड यायचे. काही आठवडे काकांना वाटलं विसरले असतील. मग एकदा त्यांनी विचारलं, "मास्तर, ओल्ड सील्स?"

"घरी आहेत," मास्तर म्हणाले, आणि शिकंजा पुढे सरकवला.

तेव्हा काकांना समजलं. त्या दिवशी मास्तर गेल्यावर ते सिंकपाशी कप विसळत उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "त्या दगडाच्या अंगावर काय लिहिलं आहे? हात गारठला होता, जमलं नाही. अन् तोंड पाहिलं तर एकदम ओके. म्हणजे त्या माणसाला मी खोटं पाडलं. मेलेल्या माणसाला." नळ बंद करून म्हणाले, "रागावले असते तर बरं झालं असतं. फेल म्हणाले असते. माणसाला कळते तरी कुठं उभा आहे."

त्यानंतर त्यांनी काठ फोडायला शिकायचं मनावर घेतलं. डोळे न मिटता. नवे दगड कोरायचे, सुरी उलटी धरायची, ठोके मारायचे. पण त्यांच्या हाताला सवयच अशी होती की कपच्या सारख्या अंतरावर उडायच्या, सारख्या खोलीच्या. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं दिसायचं ते. मास्तर ठसा बघून म्हणायचे, "इंजिनियर, ही झिप आहे." दोघं हसायचे. पण हसणं संपलं की काका मास्तरांच्या पिशवीकडे एकदा बघून घ्यायचे.

असं वर्षभर तरी चाललं असेल. मग मास्तरांच्या पायाची ताकद गेली आणि त्यांच्या मुलीने त्यांना केअर होममध्ये ठेवायचं ठरवलं. हलण्याच्या आधल्या आठवड्यात, शनिवार नसताना, ते काठी टेकत एकटेच आले. बाहेर बर्फाळ पाऊस पडत होता. मी दार उघडलं. कोट न काढताच ते टेबलाशी बसले, खिशातून तो वैद्याचा शिक्का काढला आणि काकांपुढे ठेवला.

"घास," ते म्हणाले. "सगळं घास. तुझं नाव कोर."

त्यांनी तोडक्या इंग्रजीत सांगितलं की चांगला दगड असाच पुढे जातो. एकाचं नाव घासून दुसऱ्याचं कोरतात. दरवेळी दगड थोडा बुटका होतो. वैद्याच्या आधीही त्यावर कोणीतरी असणार. "ओल्ड मॅन गॉन ऑलरेडी. आता तू. मला बघायचं आहे."

काकांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "मी? मास्तर, माझा हात..."

"तुझा हात," मास्तर म्हणाले. "माझं नाव बाजूला लिही, मी शिकवलं म्हणून."

ते गेल्यावर काका म्हणाले, "ही शिक्षा आहे. माझ्याच हातानं उरलेलंही पुसायला लावलं." मला तसं वाटलं नव्हतं. मी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "काका, शिक्षा द्यायला कोणी असल्या पावसात चालत येत नाही. ते तुम्हाला डब्यातला दगड देऊन गेले."

"तू लहान आहेस," ते म्हणाले. पण दगड त्यांनी खिडकीशी ठेवला, उजेडात.

त्यांनी तो घासला नाही. आधी नव्या दगडांवर नाव नीट आलं पाहिजे, मग याला हात लावायचा, असं ठरवलं. एक कोरला, रिजेक्ट. दुसरा कोरला, अक्षरं बरी पण काठ झिपसारखा, रिजेक्ट. टेबलाखालचं खोकं भरत चाललं. त्यातले काही मला खरोखर चांगले वाटायचे. एका दगडावर त्यांचं खरं नाव, घरच्यांनी ठेवलेलं पाली नाव, इतकं मोकळं उतरलं होतं की मी म्हटलं, "काका, हा झाला." त्यांनी भिंग लावलं. "उजवीकडची रेघ पाहा. थांबली आहे. मास्तरला दिसेल."

दर रविवारी आम्ही बसने केअर होमला जायचो. मास्तर खिडकीशी खुर्चीत असायचे, गुडघ्यावर ब्लँकेट. बघताक्षणी विचारायचे, "डन?"

"सून," काका म्हणायचे.

"डन?"

"प्रॅक्टिस चालू आहे, मास्तर."

एकदा मास्तर चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच पाहिलं. "प्रॅक्टिस नको. दगड आण, सुरी आण. इथे कर. वाईट कर. मी बघतो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारच्या बेडवरच्या माणसाला तो ऐकूही गेला नसेल. काकांनी हो म्हणून मान हलवली. बसमध्ये मला म्हणाले, "पुढच्या रविवारी नेतो. या आठवड्यात एक तरी धड काढतो, मग नेतो." मी म्हटलं, "ते म्हणाले वाईट कर." काका खिडकीबाहेर बघत होते. "म्हणणं सोपं आहे. शेवटचं बघतील ते, अन् वाईट बघतील?"

त्या आठवड्यात ते टेबलावरून उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. शुक्रवारी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. मी वरच होते. काकांनी "यस, यस" म्हणत फोन ऐकला, "थँक यू फॉर टेलिंग मी" म्हणाले आणि फोन ठेवून तिथेच उभे राहिले. शिकंज्यात अर्धवट कोरलेला दगड होता. त्यांनी तो सोडवला, उजेडात धरला आणि खोक्यात टाकला. मला वाटतं त्यांना आपण काय करतोय ते कळत नव्हतं.

अंत्यविधीहून परतलो त्या दिवशी मी खाली कपडे बदलत होते, तेव्हा वरून तो गोल गोल घासल्याचा आवाज येऊ लागला. मी वर गेले. काका सूट घालूनच बसले होते, बाह्या वर सारून. वैद्याचा शिक्का ओल्या पेपरवर फिरत होता. खाचांत वर्षानुवर्षं साचलेली लाल शाई सुटून पाणी गुलाबी झालं होतं. मधून मधून ते दगड उलटा करून बघत. उथळ रेघा आधी गेल्या. चौकट गेली. खोल रेघा बराच वेळ टिकल्या, मग त्याही बारीक होत होत एकेक करून मिटल्या. शेवटी कोरं, गुळगुळीत तोंड उरलं. काकांनी ते पुसलं आणि सवयीने त्यावर पट्टी टेकवून उजेडाकडे धरलं. मग पट्टी बाजूला ठेवून दिली.

मी शिकंजा त्यांच्यापुढे सरकवला. मास्तर सरकवायचे तसाच. त्यांनी दगड त्यात बसवला, सुरी उचलली, टोक दगडावर टेकवलं. बराच वेळ ते तसेच बसून होते. सुरीचं टोक हलत नव्हतं.

"पहिलीच रेघ चुकली तर?" ते म्हणाले.

"चुकू द्या ना काका."

"मला सांगणार कोण, चुकली म्हणून? जिंदगीभर मी दुसऱ्यांना सांगितलं. मला सांगू शकत होता असा एकच माणूस होता, अन् तो मला कधी बोलला नाही. येऊन बसायचा. चहा प्यायचा." त्यांनी सुरी खाली ठेवली. "दगड घेऊन त्या रविवारी गेलो असतो तर दोन रेघा तरी झाल्या असत्या. वाकड्यातिकड्या. बसला असता बघत."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. गुलाबी पाणी काचेवर सुकत गेलं आणि शेवटी मीच उठून ते पुसलं.

उन्हाळ्यात प्रज्ञाताई आल्या आणि घर विकायचं ठरलं. काका कनाटाला गेले. मी दुसरीकडे खोली घेतली. सामान बांधताना त्यांनी टेबलाखालचं खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "पाहिजे तो घे. सगळे फेल आहेत." मी ते मोकळ्या अक्षरांचं पाली नाव असलेला दगड उचलला. त्यांनी बघितलं आणि खोकं बंद केलं. वैद्याचा तो कोरा दगड त्यांनी सामानात टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला, आणि एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेत तो ट्रेमध्ये काढून ठेवताना मला काचेतून दिसला. पलीकडे गेल्यावर आधी त्यांनी तोच उचलला, बूट नंतर घातले.

आता रविवारी आम्ही फोनवर बोलतो. नातवंडं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात, तिथली पोळी दोन्ही साइडने जाड असते, विंटर टायर लवकर लावले, असं ते सांगतात. इथे कायम राहण्यासाठी केलेल्या माझ्या पीआरच्या अर्जाचं काय झालं विचारतात. सुरुवातीला मी दरवेळी विचारायचे, काका, दगडाचं काय? ते म्हणायचे, रोज सकाळी घेऊन बसतो. गेल्या काही महिन्यांपासून मी विचारणं सोडलं आहे. बोलताना मधेच कधी ते गप्प होतात. पलीकडे ते टेबलाशी बसलेले असतात हे मला माहीत आहे. मी सुरीचा करकर आवाज येतो का ते ऐकत राहते.